चाळीस उघड्या फाइल्स आणि न सापडणारा ‘दुसऱ्या’

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळी अंकाचे ४० लेख साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये आहेत आणि सगळे नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरमध्ये एकाच वेळी उघडे आहेत. एखादा शब्द कुणी कसा लिहिलाय ते बघायचं तर प्रत्येक टॅबवर जाऊन कंट्रोल-एफ करावं लागतं. सगळ्या उघड्या फाइल्समध्ये एकदम शोधता येतं का? आणि दुसरी तक्रार: मित्राने दाखवल्याप्रमाणे एकदम शोधून पाहिलं, तर ‘दुसऱ्या’ हा शब्द काही लेखांत सापडला आणि काहींत डोळ्यांसमोर दिसत असूनही सापडला नाही. असं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपतं. दुसऱ्याला वेळ लागेल.

कंट्रोल-एफ दाबल्यावर जी चौकट उघडते, तिच्या उजव्या बाजूच्या बटणांत ‘फाइंड ऑल इन ऑल ओपन्ड डॉक्युमेंट्स’ असं एक बटण आहे. शब्द टाका आणि ते दाबा, झालं. आपण वर्षानुवर्षं फक्त ‘फाइंड नेक्स्ट’ दाबत आलेलो असतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. खाली निकालांची पट्टी उघडते. तिच्या पहिल्या ओळीत किती ठिकाणी, किती फाइल्समध्ये आणि एकूण किती फाइल्स धुंडाळल्या हे तीनही आकडे असतात. हे आकडे वाचायची सवय लावून घ्या, पुढे त्यांचं काम पडणार आहे. खाली फाइलवार ओळी येतात. ओळीवर डबल-क्लिक केलं की त्या फाइलमध्ये त्या जागी जाता येतं, आणि एफ-४ दाबत गेलात की एकेक सापडलेली जागा ओळीने पुढे येते. पट्टी बंद झाली तर एफ-७ ने परत येते. निकाल फार आले तर पट्टीवर राइट-क्लिक करून फक्त त्या निकालांच्या आत पुन्हा शोधायची सोय आहे. दोनशे ओळींतून वीस निवडायच्या असतात तेव्हा मी हीच वापरतो.

आता ‘उघड्या फाइल्समध्ये शोधणं’ आणि ‘फोल्डरमध्ये शोधणं’ यातला फरक. कंट्रोल-शिफ्ट-एफ ने जे ‘फाइंड इन फाइल्स’ येतं ते डिस्कवरचा फोल्डर धुंडाळतं. त्यात उघडी नसलेली फाइलही येते, आणि त्याच फोल्डरात पडलेल्या ‘जुना’, ‘अंतिम’, ‘अंतिम खरा’ अशा तीन प्रतीही येतात. उलट, लेखकाने ईमेलमध्ये पाठवलेला मजकूर तुम्ही नव्या टॅबमध्ये पेस्ट करून ठेवलाय आणि अजून सेव्ह केलेला नाही, तर तो टॅब डिस्कवर नाहीच, त्यामुळे फोल्डरातल्या शोधाला तो दिसत नाही. उघड्या फाइल्सच्या शोधाला दिसतो. अंकाच्या कामात मी उघड्या फाइल्सचाच शोध वापरतो, कारण कुठल्या फाइल्स जाळ्यात घ्यायच्या हे टॅब उघडून किंवा बंद करून मलाच ठरवता येतं. रोज तेच ४० टॅब उघडायला नको म्हणून फाइल मेन्यूतून सेशन सेव्ह करून ठेवा.

बाकीच्या एडिटर्सचं पटकन सांगतो. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ करून तीन टिंबांवर क्लिक केलं की कुठल्या फाइल्स घ्यायच्या त्याचा रकाना उघडतो. त्याच्या टोकाला पुस्तकाचं छोटं चित्र आहे, ते दाबलं की शोध फक्त उघड्या फाइल्सपुरता राहतो. सब्लाइम टेक्स्टमध्ये ‘व्हेअर’ या रकान्यात कोनी कंसात ‘ओपन फाइल्स’ असं लिहायचं. विमवाले सगळ्या बफर्सवर, म्हणजे उघड्या फाइल्सवर, एकच आज्ञा चालवणारी ‘बफडू’ वापरतात. इमॅक्समधली ‘मल्टी-ऑकर-इन-मॅचिंग-बफर्स’ मला यात सगळ्यांत देखणी वाटते, कारण निकालांच्या यादीतच ‘ई’ दाबून दुरुस्ती करता येते आणि ती मूळ फाइल्समध्ये उतरते. पण दिवाळी अंकासाठी कुणी इमॅक्स शिकावं असं मी म्हणणार नाही.

आता ‘दुसऱ्या’.

एडिटर खोटं बोलत नाही. तो अक्षरांचं रूप बघत नाही, संकेतांक बघतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला किंवा चिन्हाला संगणकात दिलेला क्रमांक. देवनागरीत एकच दिसणारं अक्षर दोन-तीन वेगळ्या संकेतांच्या रांगांनी बनू शकतं, आणि मराठीत त्याचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे हा पापणीसारखा अर्धा ‘र’. दुसऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, सगळीकडे तो आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे या संकेतांकांच्या प्रमाण यादीत, त्यासाठी ‘ऱ’ हे नुक्त्याचं (खाली ठिपका असलेलं) वेगळं अक्षर आहे. ते, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग ‘य’, ही आज रूढ असलेली पद्धत. पण युनिकोडच्या २.० या जुन्या आवृत्तीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, अशी पद्धत होती, आणि ती चालू राहावी म्हणून फॉन्ट आजही तसं लिहिलेलं अगदी तसंच दाखवतात. तिसरी रांग म्हणजे साधा ‘र’, त्यावर वेगळा नुक्ता, मग हलन्त. पडद्यावर तिन्ही सारख्या. तुमच्या ४० लेखकांनी वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या कीबोर्डांनी टाइप केलंय, म्हणजे तिन्ही येणार हे धरूनच चालायचं.

विश्वास बसत नसेल तर बॅकस्पेसने मोजून पाहा. ज्या लेखात शब्द सापडला त्यातला ‘दुसऱ्या’ कॉपी करून रिकाम्या टॅबमध्ये पेस्ट करा आणि शेवटून एकेकदा बॅकस्पेस दाबत जा. आधी काना जातो, मग ‘य’, मग हलन्त, आणि मागे नुक्त्याचा ‘ऱ’ उरतो. पुढे तो, मग ‘स’, मग उकार, मग ‘द’. सात वेळा दाबून शब्द संपला. आता न सापडलेल्या लेखातला शब्द आणा. काना गेला, ‘य’ गेला, आणि पुढच्या वेळी बॅकस्पेस दाबला तर एकही अक्षर गेलं नाही, फक्त पापणी मोडून ‘र्’ दिसायला लागला. ते अदृश्य चिन्ह होतं. हा शब्द आठ बॅकस्पेसचा आहे. तुम्ही सात तुकड्यांचा शब्द शोधत होतात, फाइलमध्ये आठ तुकड्यांचा होता.

(याच्या उलट गंमतही आहे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळे दिसतात म्हणून लोक घाबरतात, ‘श’चंही तसंच. पण तो फक्त फॉन्टचा फरक आहे, संकेत एकच. शोधाला त्याने काही होत नाही.)

हा एकटा ‘ऱ’ असता तर निभावलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात नेहमी नडणारे आणखी काही सांगतो.

विसर्ग. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ जरा निरखून बघा. पहिल्यात खरा विसर्ग आहे, दुसऱ्यात अपूर्णविराम. ज्यांना कीबोर्डवर विसर्ग सापडत नाही ते सर्रास अपूर्णविराम टाकतात. स्वतः, अंतःकरण, निःशब्द, प्रातःकाळ, सगळ्यांचं हेच.

इंग्रजीतून आलेला ‘ॲ’. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहायचे, काहीजण हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरायचे. त्यामुळे ॲप, अॅप आणि ऍप असे तीन शब्द तुमच्या अंकात सुखाने नांदत असतील.

‘बँक’. यात ‘ब’वर चंद्रबिंदू हे एकच चिन्ह आहे. ‘बॅंक’ या लेखनात चंद्र वेगळा आणि अनुस्वार वेगळा. कित्येक फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब दिसतात.

आणि रिकामी जागा. वर्डमधून किंवा वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा येते. ती साध्या स्पेससारखी दिसते, पण स्पेस नसते. ‘तीन वर्षे’ शोधलंत आणि सापडलं नाही तर पहिला संशय तिच्यावर घ्यायचा.

यावरचा सोपा उपाय म्हणजे शोधायचा शब्द टाइप करायचाच नाही. जिथे तो न सापडता दिसतोय तिथूनच तो निवडायचा आणि कंट्रोल-एफ दाबायचं. निवडलेला शब्द आपोआप चौकटीत येतो, अदृश्य चिन्हासकट. मग सगळ्या उघड्या फाइल्समध्ये शोधा. दुसरा गट हाती लागतो. असे दोन-तीन शोध केले की काम भागतं, आणि फारसं काही शिकावं लागत नाही.

पण रोजचं काम असेल तर रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी खुणांचा नमुना देऊन शोधणं, शिकून घ्या. शोधाच्या चौकटीत खाली ‘सर्च मोड’ आहे, त्यात शेवटचा पर्याय निवडायचा. नाव भीतीदायक आहे, पण आपल्याला लागणाऱ्या खुणा चार-पाचच. चौकोनी कंस म्हणजे ‘यांपैकी कुठलंही एक’. साधा कंस आणि उभी रेघ म्हणजे ‘हे किंवा ते’. टिंब म्हणजे ‘काहीही एक अक्षर’. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘मागचं असेल किंवा नसेल’.

दु[ः:]ख

यात दोन्ही दुःखं येतात.

(ॲ|अॅ|ऍ)प

यात तिन्ही ॲप.

ब(ँ|ॅं)क

ही दोन्ही प्रकारची बँक. तीन वर्षांचा शोध ‘तीन.वर्षे’ असा करायचा, मधली जागा कुठल्याही जातीची असो. आणि आपला ‘दुसऱ्या’:

दुस[रऱ]़?्.?या

डावीकडून वाचा. ‘दुस’, मग साधा किंवा नुक्त्याचा र, मग नुक्ता असेल किंवा नसेल, मग हलन्त, मग एखादं काहीतरी असेल किंवा नसेल (इथे ते अदृश्य चिन्ह पकडलं जातं), मग ‘या’. तिन्ही रांगा यात आल्या. शिवाय ज्यांनी चुकून रफार देऊन ‘दुसर्या’ लिहिलंय तेही आले, म्हणजे मुद्रितशोधनाचं एक काम फुकटात झालं. अशा कंसांत सुटी चिन्हं टाइप करताना पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं किंवा मात्रा भलत्याच अक्षरावर चढून बसते. तिकडे लक्ष देऊ नका, संकेतांची रांग बरोबर असली की पुरे. मी हे नमुने एका वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवलेत आणि तिथून उचलतो. दर वेळी नव्याने टाइप करायला गेलं की एखादी मात्रा निसटतेच.

आणखी एक खुबी मराठीची म्हणून सांगतो. चौकटीत ‘मॅच होल वर्ड ओन्ली’ असा पर्याय असतो. इंग्रजीत तो उपयोगाचा, मराठीत जवळजवळ निरुपयोगी. आपले शब्द क्वचितच एकटे राहतात. ‘घर’ असं सुटं येण्यापेक्षा घरात, घराला, घरचं, घराबाहेर असंच जास्त येतं. ‘पाणी’ शोधलंत तर ‘पाण्यात’ आणि ‘पाण्याला’ हातातून गेले, कारण सामान्यरूपात शेवटची ईकारच जाते. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग शोधायचा, इथे ‘पाण’. मग ‘पाणउतारा’ही येईल, येऊ दे. ‘घर’ शोधताना मात्र ‘घर्षण’ही येतं आणि नवा माणूस चक्रावतो. घ, र, हलन्त, ष, ण अशी रांग आहे, तिच्यात घ आणि र लागोपाठ आहेतच. त्याला वगळायचं तर:

घर(?!्)

कंसातलं प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह मिळून ‘पुढे हे नको’ असं सांगतात. इथे पुढे हलन्त नको. ‘मॅच केस’ या खुणेचा मात्र विचारच करू नका, देवनागरीला लहान-मोठी लिपी नाही.

तर शोध सैल ठेवा. चार फालतू ओळी जास्त आल्या तर डोळा त्या गाळतो. न आलेली ओळ कुणीच गाळू शकत नाही. ‘रिप्लेस’च्या बाबतीत मात्र मी याच्या नेमकं उलट सांगेन, आणि ते मी स्वतःची फजिती करून शिकलोय.

एका कवितासंग्रहाच्या आणि त्यावरच्या लेखांच्या मिळून पन्नासेक फाइल्स होत्या. लेखकमंडळी जुन्या वळणाची, सगळ्यांनी ‘कवि’ ऱ्हस्व लिहिलेला. नियमाप्रमाणे तो ‘कवी’ व्हायला हवा. मी ‘रिप्लेस’च्या टॅबवर गेलो, ‘कवि’च्या जागी ‘कवी’ टाकलं, आणि ‘रिप्लेस ऑल इन ऑल ओपन्ड डॉक्युमेंट्स’ दाबलं. काही शे बदल झाल्याचा आकडा आला, मी खूश होऊन सगळं सेव्ह करून एडिटर बंद केला. दुसऱ्या दिवशी पहिलंच प्रूफ हातात घेतलं तर मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर ‘कवीतासंग्रह’. पुढे कवीता, कवीसंमेलन, कवीराज. समासात पहिलं पद असताना तो ऱ्हस्वच राहतो हे मला शाळेपासून माहीत होतं, फक्त यंत्राला सांगायला विसरलो होतो. ‘रवि’चं ‘रवी’ करताना रविवारची वाट अशीच लागते.

एडिटर बंद करण्याआधी लक्षात आलं असतं तर काही बिघडलं नसतं. उघड्या फाइल्समध्ये केलेला बदल सेव्ह होईपर्यंत फक्त एडिटरच्या स्मृतीत असतो, आणि प्रत्येक टॅबवर जाऊन कंट्रोल-झेड दाबला की मागे फिरतो. पन्नास टॅबवर पन्नास वेळा, पण फिरतो. ‘रिप्लेस इन फाइल्स’ हे याहून जहाल आहे. ते उघड्या नसलेल्या फाइल्स थेट डिस्कवर लिहून मोकळं होतं, तिथे कंट्रोल-झेड नाही. म्हणून फोल्डरभर बदल करण्याआधी फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवायची, यात आळस नको.

नंतर मी ते काम असं केलं:

कवि(?![क-ह])

म्हणजे ‘कवि’ असा, ज्याच्या पुढे लगेच व्यंजन नाही. यात कविता, कविसंमेलन, कविराज वाचतात. इथे एक शंका हमखास येते: ‘ह’ला थांबलो तर ‘ळ’चं काय? वर्णमालेत ‘ळ’ शेवटी येतो, पण युनिकोडच्या रांगेत तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसलाय, त्यामुळे तो आपोआप आला. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही जोडाक्षरं ‘क’ आणि ‘ज’ने सुरू होतात, तीही आलीच. राहिले ‘कविने’, ‘कविला’ असे चुकीचे प्रयोग. त्यांच्या पुढे व्यंजन असल्याने ते या जाळीतून सुटतात. ते मी वेगळे शोधून एफ-४ दाबत हाताने दुरुस्त केले. वीसेक होते, दहा मिनिटांचं काम. यंत्राकडून शंभर टक्के काम करून घेण्याचा हट्ट धरला की कवीता होते.

माझा क्रम आता ठरलेला आहे. जो नमुना ‘रिप्लेस’ला देणार तोच आधी ‘फाइंड ऑल’ला द्यायचा, खालची पट्टी वरपासून खालपर्यंत वाचायची, आणि तिच्यात एकही नको असलेली ओळ नसेल तरच बदल. पट्टी वाचायला कंटाळा येण्याइतकी लांब असेल तर नमुना अजून ढिला आहे असं समजायचं.

आता तुमच्या प्रश्नात तुम्ही न विचारलेली पण मला शंका असलेली एक गोष्ट. ४० लेखांपैकी एखाद-दुसरा कुठल्याच शोधात येत नाही असं तर होत नाही ना? तपासायची सोपी रीत आहे. सगळ्या उघड्या फाइल्समध्ये ‘आहे’ शोधा. मराठी गद्य लेख ‘आहे’शिवाय सहसा पुरा होत नाही. पट्टीच्या पहिल्या ओळीतले आकडे वाचा म्हणालो होतो ते यासाठी. ४० धुंडाळल्या आणि ३८ मध्ये सापडलं असं आलं, तर उरलेल्या दोन फाइल्स उघडून बघा.

त्यात बहुधा दोनपैकी एक निघेल. एक म्हणजे ती वर्डची फाइल असेल. वर्डची डॉक्स फाइल आतून झिपसारखी दाबलेली असते, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसतो आणि त्यात कुठलाही मराठी शब्द सापडणार नाही. वर्डमध्ये उघडून ती साध्या टेक्स्टमध्ये, यूटीएफ-८ एन्कोडिंग (युनिकोड साठवायची पद्धत) निवडून सेव्ह करायची.

दुसरं म्हणजे ती जुन्या फॉन्टमधली असेल. कृतिदेव, श्रीलिपी वगैरे फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत मिळतच नव्हते. रोमन अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असायचा. कृतिदेवमध्ये ‘भारत’ टाइप केलंत तर फाइलमध्ये जातात एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं. वर्डमध्ये फॉन्ट लावलेला असल्याने ती भारतासारखी दिसतात. टेक्स्ट एडिटरला फॉन्टचं सोंग माहीत नसतं, तो खरं तेच दाखवतो. अशा फाइलला शोधाची कुठलीही युक्ती लागू पडत नाही. आधी कन्व्हर्टरमधून ती युनिकोडमध्ये आणायची. आणि आणल्यावर पहिला शोध पापणीच्या ‘र’चाच घ्या. रफार, पापणी आणि पहिली वेलांटी या जागी रूपांतर हमखास गडबडतं, कारण जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा आणि पहिली वेलांटी अक्षराआधी, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. कन्व्हर्टरने ती उलटापालट कुठेतरी चुकवलेली असते. ते लेख त्याच ४० टॅबमध्ये परत उघडा आणि ‘आहे’ पुन्हा एकदा शोधा. ४० पैकी ४० आले की मग ‘दुसऱ्या’कडे वळा.